आदल्या दिवशी लिहिलेली बातमी

ही गोष्ट सांगायचं मी सोळा-सतरा वर्षं टाळत आलो. जुने सहकारी भेटले आणि शाळेच्या सप्ताहाच्या गमतीजमती निघाल्या, की मी चष्मा पुसायला घ्यायचो, नाहीतर गाडीची वेळ झाली म्हणून उठायचो. बायकोलाही कधी सांगितलं नाही. तिला वाटतं, मला गर्दीचा आणि माइकच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून मी कार्यक्रमांना जात नाही. तसं काही नाही. आता वय झालं आहे, तेव्हा लिहून मोकळं व्हावं म्हणतो. मोकळं होता येईल का, ते माहीत नाही.

मी संग्रामपूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो. गावाचं नाव लिहीत नाही. दर जानेवारीत आमच्याकडे वार्षिक सप्ताह असायचा. त्या सहा दिवसांत शिक्षक, पोरं, शिपाई, सगळ्यांच्याच पायाला भिंगरी असे. एकीकडे मैदानात फक्की मारून खो-खोची पाटी आखायची, दुसरीकडे विज्ञान प्रदर्शनासाठी वर्गातले बाक बाहेर काढायचे, मांडववाल्याला तीनतीनदा निरोप धाडायचा, पाहुण्यांच्या जेवणाचं पाहायचं, आणि मध्येच कुणीतरी ओरडत यायचं की रांगोळीच्या वर्गात बकरी शिरली. मी या सगळ्यात पळत असायचो, पण माझं खरं काम वेगळं होतं. प्रसिद्धी माझ्याकडे होती. म्हणजे पेपरात बातमी देणं.

आता बातमी कशी दिली जायची, ते सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. पेपरचा बातमीदार तालुक्याच्या गावी स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवायचा. पेपर छापला जायचा अकोल्याला. त्याला मजकूर दुपारी चारच्या आत लागायचा, आणि आमचे कार्यक्रम चारला जेमतेम सुरू व्हायचे. म्हणून मी बातमी आदल्या दिवशीच लिहून द्यायचो. सगळ्याच शाळांतले बातमीवाले सर असंच करत. 'प्रमुख पाहुण्यांनी विद्यार्थ्यांना मोलाचे मार्गदर्शन केले' हे वाक्य पाहुणा घरून निघायच्या आधी छापायला गेलेलं असायचं. एका वर्षी पाहुणे आलेच नाहीत, पण त्यांचं भाषण पेपरात आलं. त्यांनी आठ दिवसांनी निरोप पाठवला, भाषण छान झालं म्हणे, कात्रण पाठवा. आमचे गणिताचे सर मला चिडवायचे, "तुमच्या बातमीत पाऊस बी आदल्याच दिवशी पडते, गुरुजी."

मला त्या चेष्टेचा राग येत नसे. उलट बरं वाटायचं.

त्या सप्ताहात बुधवारी मी अशीच एक मोठी बातमी लिहून दिली. बातमीदार म्हणाला होता, शुक्रवारी तालुक्याचं पान आहे, शाळेचा फोटो टाकतो, सगळ्या स्पर्धांचे निकाल एकत्र द्या. खेळांचे निकाल लागले होते, रांगोळीचा लागला होता. वक्तृत्व तेवढं गुरुवारी होतं. मी लिहून टाकलं, वक्तृत्वात प्रथम, आणि पुढे डॉक्टरांच्या मुलाचं नाव. डॉक्टर म्हणजे आमच्या गावातले एकुलते एक. त्यांचा मुलगा दहावीत होता आणि आठवीपासून वक्तृत्वात तोच पहिला यायचा. चांगला बोलायचा. माझ्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणू शकतो. सवयीनं लिहिलं. पहिला दुसरा कोण येणार, असं वाटलं.

त्या वर्षी वक्तृत्वात पहिल्या येणाऱ्याला जिल्ह्याच्या स्पर्धेला बुलडाण्याला पाठवायचं होतं. आमच्या शाळेतून तिथवर आधी कुणी गेलं नव्हतं. नववीतल्या एका मुलीला त्याचा ध्यास लागला होता. तिचे वडील गावात विहिरीच्या मोटरी भरून द्यायचे, वाइंडिंगचं काम. आई रोजानं वावरात जायची. मुलगी काटकुळी, वर्गात प्रश्न विचारला की बाकावरून अर्धी उठलेली असायची. तिच्या वडिलांनी मला दुकानासमोर थांबवून सांगितलं होतं, "सर, पोरगी बुलडाण्याले जायचं म्हणून राह्यली. गेली त मी सोता घेऊन जाईन. दुकान एक रोज बंद राह्यलं त राह्यलं."

गुरुवारी दुपारी मांडवात वक्तृत्व सुरू झालं. विषय ठरलेला, 'पाणी म्हणजे जीवन'. भाषणं आम्ही शिक्षकच लिहून द्यायचो आणि मुलं पाठ करायची. त्या मुलीचं भाषण मीच लिहून दिलं होतं. तिनं सुरुवात नीट केली. तिसऱ्या परिच्छेदाला अडकली. मांडवात पोरांनी खुसफूस केली. मी विंगेतून पुढचं वाक्य पुटपुटलो, पण तिला ऐकू गेलं नाही, किंवा तिनं ऐकलं नाही. मग ती माइकच्या दांड्याला धरून बोलायला लागली. ते माझं भाषण नव्हतं.

ती म्हणाली, "आमच्या इथं हापशीले पाणी आहे, पन खारं. त्याच्यात वरण शिजत नाही. चहा ठेवला त दूध फाटते. पाहुणा आला का माय मले म्हणते, जाय, शेजारून तांब्याभर गोडं पाणी आन. मी तांब्या घेऊन निंघाली का गल्लीतल्या बाया इचारतात, काऊन वं, कोन आलं? म्हंजे आमच्या घरी पाहुणा आला हे अख्ख्या गावाले तांब्यावरून समजते."

मांडव हसला. परीक्षकही हसले.

"माय म्हणते, पाहुण्यानं यावं, बसावं, पन दुसरा कप मांगू नये."

पुन्हा हसू. तिनं ते ओसरू दिलं आणि म्हणाली, "आता तुम्ही समदे इथं मांडवात चहा पेले. फाटला का? नाही ना? ते पाणी आम्ही नववीच्या पोरींनी सकाळी धरणाच्या नळावरून आनलं. दोन दोन हंडे. शाळेत पाहुणे येनार व्हते म्हणून."

मग तिला पुढे काय बोलावं सुचलं नाही. "माझं झालं," म्हणाली आणि उतरली. टाळ्या जरा उशिरानं आल्या, पण बराच वेळ चालल्या.

तीन परीक्षक बाहेरचे होते. मी त्यांना वरवट बकालच्या गाडीत बसवायला गेलो. त्यातले खामगावचे निवृत्त प्राध्यापक खिडकीतून मला म्हणाले, "गुरुजी, वीस वर्षं झाली मी पाणी म्हणजे जीवन ऐकून राह्यलो. आज पहिल्यांदा वाटलं की कुणी पाण्याबद्दल बोललं. या पोरीले सांभाळा." मी मान हलवली. माझी आपली घाई, शाळेत जाऊन आनंद मेळाव्याचे स्टॉल आखायचे होते.

आमच्याकडे परीक्षक गुण पेन्सिलीनं द्यायचे. बेरीज चुकली तर खाडाखोड नको म्हणून. मी बेरीज करायची, मग त्यावर पेन फिरवून गुण पक्के करायचे, आणि निकाल शनिवारी बक्षीस समारंभात जाहीर व्हायचा, तोवर बंद पाकिटात. त्या संध्याकाळी मी बेरीज केली. मुलगी पहिली होती, डॉक्टरांच्या मुलापेक्षा सात गुणांनी पुढे. तेव्हा मला बातमीची आठवण झाली.

मी बातमीदाराला फोन केला. तो म्हणाला, "सर, पान गेलं. आता मी काय अकोल्याले पळत जाऊ?"

मी म्हणालो, "मग परवा शुद्धिपत्र दे."

"देतो ना. काय लिहू? स्पर्धेच्या आधीच निकाल छापला असं लिहू?" आणि हसला.

मी फोन ठेवला. गुण पेन्सिलीचेच राहिले. पेन फिरवलं नाही, इतकं मला आठवतं. का फिरवलं नाही, ते त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी पेपर आला. फोटो झकास आला होता. दहा वाजेपर्यंत डॉक्टर पेढे वाटत शाळेत आले. त्यांना वाटलं निकाल लागला. संस्थेच्या अध्यक्षांचा अभिनंदनाचा फोन आला. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. ते भले माणूस होते, आता नाहीत, त्यांच्यावर मी काही ढकलत नाही. त्यांनी पेढ्याचा डबा माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "गुरुजी, हे बरोबर आहे ना?"

मी म्हणालो, "बेरीज अजून पक्की नाही."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "एकदा पाहून घ्या. सगळा गाव पेपर वाचून राह्यला."

एवढंच. त्यांनी 'बदला' म्हटलं नाही. 'पाहून घ्या' म्हटलं. मी ग्रंथालयात जाऊन दार लोटलं आणि पाहून घेतलं. दोन परीक्षकांच्या तक्त्यांत मुलीच्या नावापुढे 'भाषा' आणि 'सादरीकरण' असे रकाने होते. खोडरबर शिपायाच्या टेबलावरून आणला होता. बाहेर आनंद मेळाव्यात पोरं ओरडून भजी विकत होती. मी चार आकडे पुसले आणि चार लिहिले. मग सगळ्यावर पेन फिरवलं. अगदी सावकाश, सुवाच्य. मुलगी दुसरी आली.

का केलं, तेही लिहायला हवं. बातमीवाले सर म्हणून माझी जी ऐट होती, ती गावासमोर उतरली असती. आणि त्याच महिन्यात आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी माझा प्रस्ताव जायचा होता. त्याला पेपरची कात्रणं जोडायची होती, त्यात त्या शुक्रवारचं कात्रणही होतं. तो पुरस्कार मला मिळाला. तालुक्याचा.

शनिवारी बक्षीस समारंभ झाला. तिचं नाव दुसऱ्या क्रमांकाला पुकारलं तेव्हा ती लगेच उठली नाही. शेजारच्या मुलीनं तिला ढकललं. वडील मांडवाच्या शेवटच्या बांबूला टेकून उभे होते, धुतलेला सदरा घालून. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बुलडाण्याला डॉक्टरांचा मुलगा गेला आणि सहभागाचं प्रमाणपत्र घेऊन आला.

इथवरच असतं तरी मी कदाचित विसरलो असतो. शाळांमधून काय काय होत असतं. पण सोमवारी मधल्या सुट्टीत ती शिक्षकखोलीच्या दाराशी आली. मी एकटाच डबा उघडत होतो.

"सर, येऊ का? इचारायचं व्हतं."

"विचार."

"माझं काय चुकलं? मंधात इसरली म्हणून का? सांगा मले, पुढच्या साली मी तसं करनार नाही."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तीच मोठी अडचण होती. तक्रार केली असती तर मी रागावून तिला घालवून दिलं असतं. ती खरोखर शिकायला आली होती, आणि तिला देण्यासाठी माझ्याजवळ एकही चूक नव्हती. मी एक शोधली.

म्हणालो, "तुझी भाषा. स्टेजवर मले-तुले चालत नाही. हे काय नळावरचं बोलणं आहे? परीक्षकांनी भाषेचे गुण कापले."

ती जरा गोंधळली. "पन सर, ते त हसले. मले वाटलं त्याह्यले आवडलं."

मी पोळीचा तुकडा मोडत म्हणालो, "ते तुझ्यावर हसत होते."

हे वाक्य मी बोललो. मराठी शिकवणारा मी, जन्मभर घरात वऱ्हाडी बोललेला. माझी आई मरेपर्यंत मला 'जेवला का रे तू, का तसाच आला' असं विचारायची, आणि त्या बोलण्यावर कुणी हसलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. ती मुलगी "बरं सर" म्हणाली. जाताना तिनं दार ओढून घेतलं. मी डबा संपवला. पुढच्या तासाला मला नववीवरच जायचं होतं, गेलोही. ती बाकावरून अर्धी उठली नाही. त्यानंतर कधीच उठली नाही.

दहावीला ती वक्तृत्वात उतरली नाही. मी नाव घालू का विचारलं, तर म्हणाली, "नको सर. मला जमत नाही." मला, असं म्हणाली. वाचायला उभं केलं तर एकेक शब्द पारखून, थांबून थांबून बोलायची, ओल्या जमिनीवर पाय घसरेल म्हणून माणूस जपून टाकतो तशी. स्टाफरूममध्ये बाई कौतुक करायच्या, पोरीची भाषा सुधारली बरं.

तिच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा मी ठरवून गेलो की आज सांगायचं. अक्षता टाकल्या, जेवलो, वडिलांशी बोललो, परत आलो. लग्नात कुठे सांगायचं असतं असलं काही, असं स्वतःला समजावलं. पुढे मी निवृत्त झालो, मुलाकडे खामगावला राहायला आलो. ती तिथेच दिली होती, हे मला माहीत होतं. तिचा नवरा एका जिनिंगमध्ये कामाला आहे. एकदा भाजीबाजारात ती मेथीची जुडी निवडताना दिसली. मी सरळ दुसऱ्या गल्लीत वळलो आणि घरी येईपर्यंत मागे पाहिलं नाही. एकदा पत्र लिहायला घेतलं. 'सौ.' एवढं लिहून पुढे तिचं सासरचं आडनाव मला आठवेना, आणि त्या निमित्तानं कागद ठेवून दिला. अशी निमित्तं मला कायम सापडत गेली.

यंदाच्या जानेवारीत घराजवळच्या एका प्राथमिक शाळेतल्या बाई आल्या. त्यांच्याकडे सप्ताह होता, लहान गटाच्या वक्तृत्वाला परीक्षक हवा होता. नाही म्हणेपर्यंत सुनेनं हो सांगून टाकलं. "जा ना बाबा, घरात बसून बसून चिडचिडे झाले तुम्ही."

गेलो. तोच गोंधळ, तीच धावपळ, मोबाइल घेऊन पळणाऱ्या शिक्षिका, कारण आता दर तासाला फोटो ग्रुपवर टाकावा लागतो. मी खुर्चीत नीट बसू शकत नव्हतो. मला दिलेल्या तक्त्यावर गुण द्यायला पेन दिलं, पेन्सिल नाही, म्हणून त्या बाईंचे मी उगाच दोनदा आभार मानले. चौथीतली एक मुलगी बोलायला आली. पाठ स्वच्छ, उच्चार चोख, प्रत्येक शब्द घासून पुसून मांडून ठेवलेल्या भांड्यासारखा. हात ठरलेल्या जागी वर, ठरलेल्या जागी खाली. पालकांच्या रांगेत तिची आई ओठ हलवत होती. मी तिला ओळखलं.

कार्यक्रम संपला. ती मुलगी धावत आईकडे गेली. मी तीन-चार हातांवर उभा होतो, माझी काठी एका पोरानं कुठेतरी ठेवली होती, ती शोधत होतो.

"आई, मले पाणी दे."

"मला," आई म्हणाली. रागानं नाही, सवयीनं. "मला पाणी दे, असं म्हण."

"मला पाणी दे."

मग तिनं मान वर केली आणि मी दिसलो. तिथेच वाकून तिनं पाया पडायला हात पुढे केला. मुलीलाही वाकवलं.

"सर, ओळखलंत? तुमची विद्यार्थिनी. ही माझी मुलगी." आणि मुलीकडे वळून म्हणाली, "हे माझे मराठीचे सर. मी तुला सांगते ना नेहमी, ते." पुन्हा माझ्याकडे पाहून, सावकाश, शब्द निवडत, "सर, तुम्ही तेव्हा स्पष्ट सांगितलंत, फार उपकार झाले. कुणी सांगत नाही. नाहीतर मी तशीच राहिले असते. हिला तरी लहानपणापासून वळण लावते आहे. हिच्यावर कुणी हसायला नको."

मी म्हणालो, "तुझे वडील कसे आहेत?"

"गेले ना सर. दोन वर्षं झाली."

"अरे," मी म्हणालो.

मुलगी आईच्या पदराआडून माझ्याकडे पाहत होती. तिनं विचारलं, "मी पहिली आले का?" आई तिला गप्प करत हसली, "असं विचारू नये परीक्षकांना." मी त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. छान बोललीस, म्हणालो. तेवढ्यात बाई आल्या, "सर, चला, चहा गार होतोय, फोटो राहिलाय." कुणीतरी काठी आणून हातात दिली. मी एक पाऊल टाकलं, थांबलो, वळलो. ती अजून तिथेच उभी होती, मान जरा झुकवून, मी काही सांगणार आहे असं समजून वाट पाहत. वर्गात सर बोलायची वाट पाहतात तशी.

सांगायचं होतं ते एवढंच होतं. माय, तू पयली आली व्हती. सात गुणानं. तुह्यावर कोनी हसलं नाही, तुह्या बोलन्यानं हसले ते, त्याह्यले आवडलं व्हतं. तुह्यं काही चुकलं नव्हतं. खोटं मी बोललो. मले माफ कर.

मी म्हणालो, "येतो."